कोल्हापूरहून बार्शी लाइटच्या मागावर

पहिला दिवस: कोल्हापूर ते मिरज

कोल्हापूर स्टेशनात पश्चिमेकडे रूळ संपतात. कोकणाकडे उतरणारी लाइन अजून झालेली नाही, वैभववाडीचा मार्ग मंजूर होऊन कागदावरच आहे. त्यामुळे इथून कुठंही जायचं तर आधी पूर्वेला मिरज गाठावं लागतं, आणि बार्शी लाइट, म्हणजे मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी-लातूर अशी धावणारी जुनी अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे, समजून घ्यायची तर सुरुवातही याच ४७ किलोमीटरपासून करावी लागते.

हा मार्ग करवीर दरबारच्या मालकीचा होता. १८८८ मध्ये कामाची पहिली कुदळ मारली गेली ती शाहू महाराजांच्या हातून, तेव्हा त्यांच्या हाती कारभारही आलेला नव्हता. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. रूळ मीटरगेजचे (दोन रुळांत एक मीटर अंतर), कारण पुणे-मिरज-लोंढा ही सदर्न मराठा रेल्वेची लाइन मीटरगेज होती आणि कोल्हापूरची लाइन चालवायलाही तीच कंपनी होती. त्याआधी इथला माल बैलगाड्यांवरून घाट उतरून कोकणातल्या बंदरांकडे जाई. स्टेशन झालं आणि चार वर्षांत, १८९५ मध्ये, महाराजांनी त्याच्या शेजारी शाहूपुरी वसवली ती गुळाची पेठ म्हणून. पेठेची जागा रूळ बघूनच ठरलेली आहे. स्टेशनच्या पुलावर उभं राहून शाहूपुरीचे सरळ रस्ते बघितले की ते लगेच कळतं.

माघ महिना असल्यानं गुऱ्हाळं जोरात होती. पहाटेच्या पॅसेंजरला गारठा चांगलाच होता. गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर अशी स्टेशनं घेत गाडी मिरजेला जाते. खिडकी कुठलीही मिळाली तरी चालेल, पण वळिवडे सुटलं की दारापासून जरा आत उभं राहून पंचगंगेचा पूल नीट बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी चढलं तेव्हा मिरज-कोल्हापूर वाहतूक बंद ठेवावी लागली होती. पूल वाहून जात नाही, तरी गाडी थांबवावी लागते. पाण्यानं भरावाची माती ढिली होते, रुळाखालची खडी धुऊन जाते आणि वरून रूळ सरळ दिसत असला तरी खाली आधार राहत नाही. पाणी ओसरल्यावर माणसं चालत जाऊन तपासणी करतात, मग रिकामं इंजिन, मग हळू वेगानं गाडी, असा क्रम असतो.

वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. ही माणसं याच लाइननं आली. त्यांच्यानंतर फाळणीत घर सुटलेले सिंधी आले आणि छावणीच्या जागी आजचं गांधीनगर उभं राहिलं. कापडाच्या होलसेल बाजाराला जाणारे लोक अजूनही वळिवड्याला उतरतात. जयसिंगपूरही रेल्वेचंच लेकरू: १९१७ मध्ये शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या, नावानं ही व्यापारपेठ वसवली. इथं गाडी थांबली की भडंगाच्या पुड्या खिडकीशी येतात. लसूण जास्त असलेली मागा.

मिरजेला उतरल्यावर घाई करू नका. पहिला मुक्काम इथंच ठेवावा, कारण या सगळ्या कहाणीची गाठ मिरजेत आहे. पुणे-मिरज-कोल्हापूर १९७१ मध्ये ब्रॉडगेज झालं. लोंढ्याकडचा मार्ग मीटरगेजच राहिला तो थेट नव्वदच्या दशकापर्यंत. आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडची बार्शी लाइट नॅरोगेज. म्हणजे दोन दशकांहून जास्त काळ एकाच स्टेशनात १,६७६, १,००० आणि ७६२ मिलिमीटर अशा तीन मापांचे रूळ होते. सांगलीला जाणारा १९०७ चा मीटरगेजचा फाटाही मिरजेतूनच निघायचा. ब्रॉडगेज आल्यावर तो गेला. सांगलीतल्या लोकांना स्टेशन चौक माहीत आहे, गाडी मात्र तिथून कुणी धरत नाही.

स्टेशनबाहेरच्या चहाच्या गाड्यावर एक म्हातारे हमाल भेटले. वय पंचाहत्तरीच्या पुढं, डोक्याला अजून लाल फडकं. गेज बदलताना माल कसा हलवायचे ते विचारल्यावर त्यांनी कप खाली ठेवला आणि हातांनीच दोन डबे मांडून दाखवले.

"ह्यो मोठा डबा, ह्यो बारका. दारासमोर दार आणायचं. पण तळ एका उंचीला येतोय व्हय? मोठ्याचा तळ वर, बारक्याचा खाली. मग फळी टाकायची. उतरत्या फळीवर पाठीवर क्विंटलचं पोतं घेऊन पळायचं न्हाई, पाय आडवा टाकत जायचं."

"आकडी वापरायचा का, काका?"

"धान्याला चालतीय. सिमेटला न्हाई, पोतं फाटतंय. आन् गुळाला तर हातबी जपून लावायचा. पावसाळ्यात रवा, म्हंजे ढेप, पाझरला की पाठ चिकट, पोतं चिकट, आन् वजनात तूट आली की बोंब हमालाच्या नावानं."

गेजबदलाचा खर्च म्हणजे नुसती हमाली नव्हती, हे त्यांच्या बोलण्यातून नीट उलगडत गेलं. मोठ्या डब्यातला माल एका छोट्या डब्यात मावत नाही, म्हणून दोन-तीन छोटे डबे एकाच वेळी हजर लागतात. ते नसले की भरलेला डबा उभा राहतो आणि व्यापाऱ्यावर डॅमरेज, म्हणजे डबा अडकवल्याचा दंड, चढतं. प्रत्येक पोतं खडूनं मोजून घ्यायचं, फुटलेलं वेगळं काढून वजन करायचं, तूट लिहून घ्यायची. त्यात एखादा दिवस सहज जातो. ३० किलोच्या गुळाच्या रव्याला एवढी उलथापालथ सोसत नाही. १९७१ च्या आधी कोल्हापूरचा गूळ मुंबईकडे जाताना हेच पुण्यात व्हायचं. ट्रक शाहूपुरीत भरला की थेट गुजरातच्या पेठेत खाली होतो, मधे कुणी हात लावत नाही. गुळानं रेल्वे सोडली त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असावं, भाड्यातला फरक नव्हे.

सूचना: मिरजेत स्टेशनच्या आवारात फोटो काढण्याआधी स्टेशन मास्तरांना विचारा. यार्डात, रुळांवर उतरून फिरू नका, गाड्या आता विजेवर धावतात आणि आवाज उशिरा येतो. रात्रीच्या जेवणाला दर्ग्याकडचा भाग चांगला. सतारमेकर गल्लीही तिथंच आहे.

दुसरा दिवस: मिरज ते पंढरपूर

सकाळी आधी हैदरखान विहीर. रेल्वेला पाणी पुरवणारी ही जुनी विहीर २०१६ च्या एप्रिलमध्ये सगळ्या देशाला माहीत झाली. लातूर कोरडं पडलं होतं. कृष्णेचं पाणी इथं आणून टँकरच्या डब्यांत भरलं आणि 'जलदूत' गाडी पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गे सुमारे ३४२ किलोमीटर लातूरला गेली. पहिल्या खेपेला १० डबे, ५ लाख लिटर. पुढं ५० डब्यांची, २५ लाख लिटरची गाडी धावू लागली. ही गाडी ज्या वाटेनं गेली ती बहुतेक बार्शी लाइटचीच वाट आहे. नॅरोगेज गेल्याचं दुःख करताना हा हिशेब डोळ्यासमोर ठेवायला हवा. पुढं तो मांडला आहे.

मिरज-कुर्डुवाडी मार्गावर दिवसाकाठी मोजक्याच गाड्या आहेत आणि वेळा बदलत राहतात. आदल्या दिवशी खिडकीवर विचारून ठेवा. पॅसेंजरनंच जा, एक्सप्रेसनं गेलात तर जी बघायची ती स्टेशनं पळत्या गाडीतून जातील.

आरग, बेळंकी, सलगरे. मिरज सोडल्यावर तासाभरात जमिनीचा रंग बदलतो. काळी माती मागं पडते, मुरमाड माळ सुरू होतो. पण माळाच्या मधोमध म्हैसाळ योजनेचा कालवा भरून वाहताना दिसतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा. कवठे महांकाळच्या अलीकडं-पलीकडं हिरव्या जाळीच्या लांबट शेड दिसतात, त्या बेदाण्याच्या. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीच्या थरांवर पसरतात. हवा कोरडी असली तर पंधरवड्यात बेदाणा तयार. ढग आले की मात्र माल काळा पडतो. डब्यातल्या एका शेतकऱ्यानं पिशवीतून मूठभर नवा बेदाणा काढून हातावर ठेवला आणि म्हणाला, "आमचा माल सगळा रस्त्यानं तासगावला जातोय. गाडी फकस्त आमाला न्यायला हाय." या लाइनवरच्या बदलाबद्दल याहून नेमकं कुणी बोललं नाही.

गाडीत माघीचे वारकरी होते. कागलकडच्या दोघी आज्जी टाळ पिशवीत घालून, पाय वर घेऊन बसलेल्या. छोटी गाडी त्यांना चांगली आठवते.

"डोळ्यात कोळसा जायाचा बघा. पदर तोंडावर घ्येऊनच बसायचं. भाकरी बांधून आणायची ती दोन वक्ताची."

"दोन वेळची कशाला, आज्जी? पंढरपूर तर इथंच आहे."

"तवा न्हवतं इथं. सकाळी बसलं की दिवस जायाचा."

बार्शी लाइट मिरजेला पोचली ती सगळ्यात शेवटी, १९२७ मध्ये. सुरुवात पार दुसऱ्या टोकाला झाली. मुंबई-सोलापूरचा मुख्य मार्ग बार्शीपासून बराच लांबून गेला. मराठवाड्याचा कापूस बार्शीच्या पेठेत यायचा आणि तिथून बैलगाड्यांनी मुख्य लाइनवरच्या बार्शी रोड स्टेशनला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला. हे २१ मैल जोडायचे तर मोठी लाइन परवडत नव्हती. जी.आय.पी. रेल्वेत काम केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं स्वतःची कंपनी काढून १८९७ मध्ये इथं अडीच फुटी लाइन सुरू केली.

त्याचं डोकं कुठं चाललं ते बघण्यासारखं आहे. रुळावर किती जाड लोखंड टाकायचं हे गाडीच्या एकूण वजनावर नाही, एका आसावर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, किती वजन येतं त्यावर ठरतं. कॅलथ्रॉपनं नियम केला: इंजिन असो, डबा असो, एका आसावर ५ टनांच्या वर वजन नको. मग रूळ ३० पौंडी चालतो, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. आज ब्रॉडगेजला ५२ किंवा ६० किलोचा रूळ लागतो आणि मालगाडीच्या आसावर २२ टनांहून जास्त वजन येतं. लीड्सच्या किटसन कारखान्यानं त्याला इंजिनं करून दिली ती सहा आसांची: आठ जोडलेली चाकं पुढं, चार सुटी चाकं मागं. वजन तीस टनांच्या आत, पण ओढायची ताकद चांगली. डबे दाबीव पोलादाचे, चार आसांचे, स्वतः हलके आणि माल जास्त घेणारे. त्या काळी नॅरोगेज म्हणजे खेळण्यातली गाडी असा समज होता. कॅलथ्रॉपनं तो मोडला. (याच माणसानं पुढं विमानातून उडी मारायच्या पॅराशूटवर काम केलं. आणि इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्ड लाइनवर मोठ्या गेजचा अख्खा डबा छोट्या गेजच्या गाड्यावर चढवून नेण्याची सोय केली. मिरजेच्या हमालकाकांना ती फार आवडली असती.)

१९०६ मध्ये पंढरपूर जोडलं गेलं आणि लाइनला वारी मिळाली. आषाढी-कार्तिकीला प्रवासी डबे पुरत नसत, मालाचे डबेही माणसांनी भरून जात. दुसरीकडं बार्शीकडून लाइन आधी तडवळ्यापर्यंत गेली, १९११ मध्ये लातूरला. मिरज जोडल्यावर एकूण पसारा ३२५ किलोमीटरच्या घरात गेला. कापूस, भुईमूग, ज्वारी आणि विठोबा, या चौघांवर ती लाइन जगली.

लंगरपेठ, ढालगाव, जत रोड, सांगोला. दुपारी ऊन तापलं आणि डब्यातली बोलणी बंद झाली. सांगोल्याच्या आधी वळणांवर नजर ठेवा. ब्रॉडगेजला वेग हवा, म्हणून जुनी तीव्र वळणं सैल केली आहेत. अशा ठिकाणी नव्या रुळापासून थोडा अलग झालेला बुटका, बाभळींनी झाकलेला भराव दिसतो. माथा जेमतेम बैलगाडी जाईल एवढा रुंद. तोच जुना मार्ग.

पंढरपुरात माघीच्या तोंडावर राहायची जागा मिळणं अवघड. मठात किंवा धर्मशाळेत आधी बोलून ठेवा. वाळवंटात रात्री उशिरापर्यंत भजनं चालू होती, चंद्रभागेचं पाणी मात्र कमी होतं.

तिसरा दिवस: पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी

पंढरपूर-कुर्डुवाडी हे ५२ किलोमीटर मोडनिंबवरून जातात. मोडनिंबच्या परिसरात एका रानाच्या कडेला हुरडा भाजत होते. रेल्वे बघायला आलोय म्हटल्यावर त्यांनी शेंगाचटणीबरोबर हुरडा दिला आणि बांधावरचा एक खांब दाखवला. खांब म्हणजे जुन्या रुळाचा तुकडा.

असा तुकडा भेटला तर काय बघायचं ते सांगतो. आधी उंची मोजा. ३० पौंडी रूळ साधारण ८ सेंटिमीटर उंच असतो, आजचा ५२ किलोचा रूळ १५.६ सेंटिमीटर. पाऊण-एक वितीचा रूळ दिसला तर तो छोट्या गाडीचा नाही. मग रुळाच्या मधल्या पोटावर, म्हणजे उभ्या पातळ भागावर, गंज हलक्या हातानं तारेच्या ब्रशनं काढा आणि पांढरा खडू आडवा घासा. कारखान्याचं नाव, साल आणि वजन लाटतानाच उठवलेलं असतं, ते खडूनं वर येतं. उन्हात सकाळी किंवा संध्याकाळी बघावं, दुपारी अक्षरांची सावली पडत नाही. टोकाला दोन भोकं दिसली तर तिथं फिशप्लेट होती: दोन रूळ जोडणारी पट्टी, चार बोल्टची. रूळ जितका हलका तितका हा सांधा लवकर खचतो, आणि सांधा खचला की चाक दर वेळी तिथंच आपटतं. गँगमनचं अर्धं आयुष्य हे सांधे खडी ठोकून वर उचलण्यात जाई.

लाइनच्या पडत्या काळाचंही कारण इथंच आहे. ज्या हलकेपणामुळं लाइन स्वस्तात झाली, त्याच हलकेपणामुळं वेग वाढवता आला नाही आणि जड माल घेता आला नाही. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली, गावोगाव पोचली. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं कंपनी विकत घेतली आणि लाइन मध्य रेल्वेत आली, पण रूळ तेच राहिले. वाफेची इंजिनं जाऊन झेडडीएम डिझेल आली तरी आसावरच्या वजनाचं गणित सुटत नाही. ५ टनांच्या चार आसांवर डबा मालासकट २० टनांचा. डब्याचं स्वतःचं वजन काढलं तर हातात उरतो १४-१५ टन माल. जलदूतच्या पहिल्या खेपेचं ५ लाख लिटर पाणी म्हणजे ५०० टन. छोट्या गाडीला त्यासाठी तीस-पस्तीस डबे लागले असते, मोठ्या गाडीनं ते दहात नेलं. १९९२ मध्ये रेल्वेनं सगळीकडं एकच गेज करायचं धोरण घेतलं तेव्हा बार्शी लाइटचा निकाल ठरल्यासारखाच होता. कुर्डुवाडी-पंढरपूर आधी बदललं, मग २००७-०८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी, आणि मिरज-पंढरपूर सगळ्यात शेवटी. छोटी गाडी सर्वांत उशिरा जिथं पोचली, तिथंच ती सर्वांत शेवटपर्यंत टिकली.

गेजबदल चुकला असं आमचं म्हणणं नाही. चुकलं ते एवढंच की ३२५ किलोमीटरच्या लाइनमधला दहा-पंधरा किलोमीटरचा एखादा तुकडा जागेवर, चालत्या गाडीसकट राखायला हवा होता. माथेरानला जी गोष्ट जमते ती पंढरपूरच्या आसपास वारीच्या गर्दीवर नक्की जमली असती.

कुर्डुवाडीत वर्कशॉप आहे. आत जायला परवानगी लागते, ती आधी लेखी मागा, दारात उभं राहून मिळत नाही. तिथून बार्शी. पेठेत कापसाची जुनी गोदामं, जयशंकर आणि लोकमान्य या गिरण्यांची नावं अजून रिक्षावाल्यांच्या तोंडी. दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि भगवंताचं दर्शन. विष्णूचं हे देऊळ चुकवू नका.

शेवटचा टप्पा येडशी. जुनी लाइन येडशीहून थेट कळंब रोड-तडवळ्याकडे जायची. ब्रॉडगेज धाराशिव शहर घेऊन वळसा मारते. त्यामुळं मधला तुकडा गाडीविना पडून राहिला आणि पायी बघण्यासारखा तोच आहे. तीन-चार तास हाताशी ठेवा, दोन लिटर पाणी, पायात उंच बूट. भरावावर बाभळी आणि घाणेरी माजली आहे, म्हणून भरावाच्या पायथ्यानं चाला आणि मोऱ्या, म्हणजे ओढ्या-नाल्यांवरचे बुटके पूल, शोधा. घडीव दगडाच्या बुटक्या कमानी अजून चांगल्या आहेत, पण कित्येक ठिकाणी वरचे दगड बांधाला आणि विहिरीला गेले आहेत. जमीन कुणाच्या तरी वहिवाटीत असते, तेव्हा शेतात माणूस दिसला की आधी राम राम करून विचारा. कुणी नाही म्हणत नाही. एका मामांनी तर काम टाकून पुढची मोरी दाखवली. रामलिंगच्या अभयारण्याच्या हद्दीत शिरत असाल तर वन खात्याच्या चौकीवर नोंद करा.

कोल्हापूरला परतायला येडशीहून एसटीनं बार्शी, तिथून कुर्डुवाडी, आणि मिरजेची गाडी चुकली तर पंढरपूरहून कोल्हापूरची एसटी. मोऱ्यांची मापं घ्यायची असतील तर पाच मीटरची टेप पुरते. कमानीचा गाळा, उंची आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा, एवढं लिहून घेतलं की नकाशावर जागा लावता येते. पावसाळ्यानंतर गवत कमरेइतकं वाढतं, म्हणून हे काम माघ ते चैत्र याच दिवसांत होतं.